अपग्रेडच्या मधोमध मशीन म्हणतं, ‘[सिसएफ]मधून बूट करा’ – म्हणजे नेमकं काय करायचं?

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात एक मायक्रोव्हॅक्स-२ (डिजिटल कंपनीचा ऐंशीच्या दशकातला संगणक) अजून कामावर आहे. त्यात एक आरडी५४ डिस्क आणि एक टीके५० टेप ड्राइव्ह, वर व्हीएमएस ५.४ ही ऑपरेटिंग सिस्टिम. एका अ‍ॅप्लिकेशनला ५.५ लागतं म्हणून अपग्रेड सुरू केलं. पहिला टप्पा झाला, मशीन बंद झालं आणि कन्सोलवर ‘[सिसएफ] डायरेक्टरीतून बूट करा’ अशी सूचना आली. तुम्ही नेहमीसारखं नुसतं ‘बी’ (म्हणजे बूट) टाइप केलं. सिस्टिम अर्धीमुर्धी उठली आणि अडकली. आता तुम्ही दोन गोष्टी विचारताय. डिस्क गेली का? आणि पुढच्या वेळी आधीच [सिस१] नावाचा दुसरा रूट (म्हणजे सिस्टिम जिथून बूट होते ती डायरेक्टरी) करून ठेवला, तर जुनी व्हीएमएस त्यात सुखरूप राहील का?

डिस्क बहुधा गेलेली नाही. पण [सिस१]मध्ये जुनी व्हीएमएस सुखरूप राहील, हे डोक्यातून काढून टाका. चुकीच्या बूटमुळे तुमची एक रात्र गेली. या दुसऱ्या समजुतीवर विसंबून टेपवर बॅकअप न घेता अपग्रेडला बसलात, तर सगळी सिस्टिम जाऊ शकते.

एक सूचना आधीच. खाली सगळ्या कमांडा देवनागरीत लिहितोय, कन्सोलवर अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. ‘०’ म्हणजे प्रत्येक ठिकाणी शून्य, ‘ओ’ अक्षर नव्हे.

बूटच्या वेळी काय होतं ते बघू. मायक्रोव्हॅक्स-२ मध्ये पहिला बूट प्रोग्रॅम, म्हणजे व्हीएमबी, बोर्डवरच्या रॉममध्येच असतो. तो डिस्कवर [सिस‘अमुक’.सिसएक्झी] या डायरेक्टरीत ‘सिसबूट’ नावाची फाइल शोधतो. तिथे सापडली नाही तर त्याच रूटच्या ‘सिसकॉमन’मध्ये बघतो. आता ‘अमुक’ म्हणजे कोणता आकडा, हे तो डिस्कला विचारत नाही, अपग्रेडच्या प्रोग्रॅमलाही विचारत नाही. तो बघतो फक्त प्रोसेसरच्या आर५ या रजिस्टरमध्ये काय आहे ते. आर५ मध्ये ३२ बिट, म्हणजे हेक्साडेसिमलचे आठ अंक. त्यातला सगळ्यात डावीकडचा अंक म्हणजे रूटचा नंबर. तुम्ही नुसतं ‘बी’ दिलंत की आर५ मध्ये शून्य जातं आणि मशीन इमानेइतबारे [सिस०]मध्ये शिरतं. मागच्या टप्प्यात काय ठरलं होतं, याची आठवण कन्सोलच्या रॉमला असण्याचं कारणच नाही.

म्हणून कमांड अशी (>>> हा कन्सोलचा प्रॉम्प्ट, तो टाइप करायचा नाही; डीयूए० म्हणजे तुमची डिस्क):

>>> बी/आर५:एफ००००००० डीयूए०

मायक्रोव्हॅक्स-२ वर ‘आर५:’ गाळून ‘बी/एफ०००००००’ एवढंही चालतं. एफच्या पुढची शून्यं बोटाने मोजा, बरोबर सात हवीत. चूक इथेच होते आणि ती दिसतही नाही. सहाच शून्यं दिलीत तर कन्सोल तक्रार करत नाही. तो आकडा उजवीकडून भरतो, डावीकडची रिकामी जागा शून्य धरतो, आणि तुमचा एफ एक घर उजवीकडे सरकतो. रूटच्या जागी राहिलं शून्य. म्हणजे तुम्ही ‘एफ दिलाय’ म्हणून निर्धास्त आणि मशीन चाललंय [सिस०]कडे. शून्याऐवजी ‘ओ’ दाबला गेला तर निदान कन्सोल आकडा नाकारतो. तो प्रकार त्यामानाने परवडला.

शेवटचा अंकही लक्षात ठेवा. तिथे १ दिला, म्हणजे ‘एफ००००००१’, तर मशीन मध्ये थांबून ‘सिसबूट>’ असा प्रॉम्प्ट देतं. त्याला कन्व्हर्सेशनल बूट म्हणतात. अपग्रेडच्या टप्प्यात त्याची गरज नसते, तिथे शून्यच ठेवा. मात्र सगळं संपल्यावर [सिस०] नीट उठत नसेल तर ‘बी/१ डीयूए०’ देऊन ‘सेट स्टार्टअप_पी१ "मिन"’ आणि मग ‘कंटिन्यू’ एवढ्यावर मशीन कमीत कमी गोष्टी घेऊन वर येतं.

आता [सिसएफ]च का? अपग्रेडला चालू सिस्टिमच्याच फाइली बदलायच्या असतात. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची झाली तर आधी दुसऱ्या फांदीवर जावं लागतं. ती दुसरी फांदी म्हणजे [सिसएफ]. पहिला टप्पा ती तयार करतो, त्यात कामापुरती सिस्टिम ठेवतो, आणि तिथून उठलेली सिस्टिम पुढचे टप्पे आपोआप चालवते. शेवटी पुन्हा [सिस०]वर येऊन हा तात्पुरता रूट काढून टाकला जातो. ई आणि एफ हे दोन नंबर यासाठीच राखीव आहेत. [सिसई]मध्ये स्टँडअलोन बॅकअप (नेहमीची सिस्टिम न उठवता चालणारा बॅकअप प्रोग्रॅम) बसतं, [सिसएफ] अपग्रेडचं. स्वतःचे रूट या दोन नावांनी कधीच करू नका.

तर तुमचं अडकलेलं मशीन. किती बिघडलंय हे पहिला टप्पा पूर्ण झाला होता का, यावर अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की मशीन स्वतःहून बंद झालं आणि मग सूचना आली, म्हणजे टप्पा पुरा झालेला दिसतो. अशा वेळी [सिस०]मधलं आणि सामाईक भागातलं बरंच काही आधीच हललेलं असतं. त्यामुळे तिथून उठलेली सिस्टिम अडखळणारच. लॉगिन मिळत असेल तर ‘@सिस$सिस्टम:शटडाउन’ने रीतसर बंद करा. मिळत नसेल तर ब्रेक किंवा हॉल्ट दाबून >>> वर या. दुरुस्ती करतो म्हणून [सिस०]मध्ये फाइली कॉपी करत बसू नका, अपग्रेड पुन्हा पहिल्यापासून सुरू करायलाही जाऊ नका. सरळ सात शून्यांसकट एफवरून बूट करा. पुढचा टप्पा सुरू झाल्याची ओळ कन्सोलवर आली की चहा घ्यायला हरकत नाही. [सिसएफ]च नाही असं निघालं, म्हणजे फाइल सापडत नसल्याचा संदेश देऊन मशीन परत >>> वर आलं, तर पहिला टप्पा अर्धवट होता. मग जुन्या बॅकअप टेपवरून डिस्क परत भरायची आणि नव्याने सुरुवात करायची, एवढाच मार्ग मला बरा वाटतो. अर्धवट सिस्टिमवर दुसरं अपग्रेड रचू नये.

आता नागपूरचा मुद्दा, म्हणजे वीज. मायक्रोव्हॅक्स-२ च्या मागच्या पॅनेलवर एक छोटा हॉल्ट-एनेबल स्विच असतो. रोजच्या वापरात तो हॉल्ट बंद असलेल्या बाजूला ठेवतात, म्हणजे वीज जाऊन आली की मशीन स्वतःच बूट होतं. रात्रपाळीला कोणी नसलं तरी चालतं, म्हणून ती सोय. पण अपग्रेडच्या मधे हीच सोय अंगाशी येते. वीज गेली, आली, मशीन आपोआप उठलं. आर५ मध्ये काय असणार? शून्य. म्हणजे कोणी काही न दाबता मशीन पुन्हा [सिस०]मध्ये. म्हणून अपग्रेड सुरू करण्याआधी तो स्विच हॉल्ट चालू असलेल्या बाजूला करा. मग वीज परत आल्यावर मशीन ‘केए६३०-ए’ची (हे प्रोसेसर बोर्डचं नाव) ओळ दाखवतं, ७..६..५..४..३.. असे चाचणीचे आकडे मोजतं आणि >>> वर थांबून तुमची वाट बघतं. पुढचे २..१..० हे तुम्ही बूट दिल्यावरच दिसायला हवेत. ते आपोआप दिसले तर समजा स्विच चुकीच्या बाजूला आहे, तिथल्या तिथे समोरच्या पॅनेलवरचं हॉल्ट बटण दाबा. हॉल्ट बंद असताना ब्रेक काम करत नाही.

यूपीएस लावाच, पण कन्सोल टर्मिनलही त्याच यूपीएसवर घ्या. हे बरेच जण विसरतात. मशीन चालू, टर्मिनल बंद, आणि पडद्यावरची शेवटची सूचना गेली. छापणारा कन्सोल असेल तर उत्तम, कागद राहतो. नसेल तर प्रत्येक टप्प्याची शेवटची ओळ वहीत उतरवून घ्या.

आणि एक प्रामाणिक सल्ला: हे काम मे महिन्यात काढू नका. बाहेर पारा ४५ वर असताना खोलीत कूलर लावून ही मशीनं चालवू नयेत. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला गार वाटते, पण ती ओलसर असते. टेपला आणि डिस्कच्या बोर्डांना ती मानवत नाही. एसी असेल तर रात्री करा, नाहीतर दिवाळीनंतर करा. अपग्रेडमध्ये टीके५० तासन्तास सलग फिरते. ड्राइव्ह तापलेला आणि कार्ट्रिज तीस-पस्तीस वर्षं जुनं असलं की वाचनाच्या चुका सुरू होतात. टेप घालताना लाल बटण दाबा आणि हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. दिवे लुकलुकत असताना कार्ट्रिज ओढलं तर टेपचं टोक आतल्या हुकातून सुटतं, आणि मग ड्राइव्ह खोलण्यावाचून गत्यंतर नसतं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर. [सिस१] केला म्हणजे सिस्टिमची दुसरी प्रत झाली, असं वाटतं. दिसतंही तसंच. [सिस०] उघडा, आत सिसएक्झी, सिसएमजीआर, सिसकॉमन. [सिस१] उघडा, आत तेच. पण ‘सिसकॉमन’ ही खरी डायरेक्टरी नाही. ते [व्हीएमएस$कॉमन]चं दुसरं नाव आहे, आणि व्हीएमएसचा मुख्य ऐवज त्या एकाच ठिकाणी असतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं, दारं वेगळी, पण स्वयंपाकघर एकच, तसा प्रकार. तुमच्या खोलीत तुमचे पॅरामीटर, तुमचं नोडचं नाव, तुमची पेज फाइल. पण चूल सामाईक. अपग्रेड बदलतं ती चूल. त्यानंतर तुम्ही [सिस१]मधून बूट केलंत तरी जेवण नव्याच चुलीवरचं. उलट जुने पॅरामीटर आणि नवी सिस्टिम अशी न जमणारी जोडी हाती येते.

विश्वास बसत नसेल तर स्वतः बघा. चालू सिस्टिमवर ‘डिर/फाइल_आयडी’ ही कमांड दोनदा द्या, एकदा [००००००]मधल्या व्हीएमएस$कॉमन.डीआयआर वर आणि एकदा [सिस०]मधल्या सिसकॉमन.डीआयआर वर. कंसातले तीन आकडे तंतोतंत सारखे येतील. नावं दोन, फाइल एक.

यातूनच दुसरा धोका निघतो. ‘आता [सिस१] नको’ म्हणून कोणी ‘डिलीट [सिस१...]*.*;*’ दिलं, तर ती कमांड सिसकॉमनच्या दारातून सामाईक घरात शिरते आणि उघड्या नसलेल्या सगळ्या फाइली पुसत सुटते. मशीन त्या क्षणी चालू राहतं, म्हणून कळतही नाही. कळतं पुढच्या बूटला. रूट काढायचा झाला तर आधी ‘सेट फाइल/रिमूव्ह [सिस१]सिसकॉमन.डीआयआर;१’ द्यायचं, म्हणजे फक्त ते दुसरं नाव निघतं, फाइली शाबूत राहतात. त्यानंतरच बाकीचं पुसायचं. [सिसएफ] कधी मागे राहिला असेल तर त्यालाही हाच नियम.

मग परतीची वाट कोणती? ती दुसऱ्या रूटमध्ये नाही. दुसरी डिस्क असेल तर तिच्यावर, नाहीतर टेपवर. तुमच्याकडे एकच डिस्क आहे, म्हणजे टेप. स्टँडअलोन बॅकअप बसवण्यासाठी ‘@सिस$अपडेट:स्टाबॅकइट’ चालवा. तो कुठे बसवायचं विचारेल, तिथे सिस$सिसडिव्हाइस: सांगा. [सिसई] तयार होईल. सिस्टिम बंद करून ‘बी/ई००००००० डीयूए०’ने (इथेही सात शून्यं) त्यात शिरा. तारीख विचारेल, डिव्हाइसची यादी दाखवेल आणि $ देईल. मग (एमयूए० म्हणजे टेप ड्राइव्ह):

$ बॅकअप/इमेज/व्हेरिफाय डीयूए०: एमयूए०:पूर्ण.बीसीके/रिवाइंड/लेबल=जुनी

फाइलचं नाव आणि लेबल तुमच्या सोयीचं ठेवा. आरडी५४ मध्ये १५९ एमबी मावतात, टीके५० च्या एका कार्ट्रिजमध्ये ९५. डिस्क भरलेली असेल तर दोन कार्ट्रिज लागतील. तीन तयार ठेवा, एखादं दगा देतंच. ‘व्हेरिफाय’ गाळू नका. टेप लिहिली गेली आणि टेप वाचता येते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्या. काम झालं की स्टँडअलोन बॅकअपमधून बाहेर पडायची कमांड शोधत बसू नका, हॉल्ट करून नव्याने बूट करायचं असतं.

याच स्टाबॅकइटने स्टँडअलोन बॅकअपची एक प्रत वेगळ्या कार्ट्रिजवरही करून ठेवा. कारण डिस्कच बिघडली तर तिच्यावरची [सिसई] काय कामाची? ‘बी एमयूए०’ दिलं की ते टेपवरून चढतं. फार सावकाश चढतं, मशीन लटकलंय असं वाटून मधेच हॉल्ट करू नका. अपग्रेड झाल्यावर [सिसई] आणि ही टेप दोन्ही नव्याने करा, जुन्या आवृत्तीच्या ठेवू नका.

तारखेबद्दल एक गोष्ट. बोर्डवरच्या घड्याळाची बॅटरी संपलेली असेल तर मशीन बूट होताना तारीख विचारत थांबतं. अपग्रेडमध्ये बूट अनेकदा होतात, तेव्हा ‘लावून देतो आणि सकाळी येतो’ हे जमणार नाही. आधी बॅटरी बदला, नाहीतर रात्रभर बसायची तयारी ठेवा.

दुसऱ्या मशीनवाल्यांसाठी थोडंसं. मायक्रोव्हॅक्स ३१०० वर कमांड तीच, फक्त डिस्कचं नाव डीकेए३०० वगैरे असेल, ते ‘शो डेव्ह’ने बघून घ्या. व्हॅक्स-११/७५० वर ‘बी/एफ००००००० डीयूए०’. व्हॅक्स-११/७८० चा मामला वेगळा. तिथे बूट कन्सोलच्या फ्लॉपीवरच्या कमांड फाइलमधून होतं, आणि रूट बदलायचा तर त्या फाइलमधली ‘डिपॉझिट आर५’ची ओळ एफ आणि सात शून्यं अशी करावी लागते. मूळ डिफबू (नेहमीच्या बूटची) फाइल न बदलता तिची वेगळ्या नावाची प्रत करून तीत बदल करा, म्हणजे अपग्रेड संपल्यावर नेहमीचं बूट तसंच राहतं. डिजिटलच्याच पुढच्या अल्फा मशीनवर हे सगळं सुटसुटीत झालं. ‘बूट -फ्लॅग्ज’ नंतर स्वल्पविरामाने तोडलेले दोन आकडे, पहिला रूटचा, दुसरा बाकी फ्लॅग्जचा. शून्यं मोजायची भानगडच नाही.

हात बसवायचा असेल तर घरच्या लॅपटॉपवर सिमएच एम्युलेटरमध्ये मायक्रोव्हॅक्स ३९०० उभं करता येतं. त्याच्या >>> वर आर५ ची कमांड हीच चालते. सहा शून्यं दिल्यावर काय होतं, हे तिथे मुद्दाम करून बघा. कारखान्याच्या मशीनवर बघण्यापेक्षा बरं.

सगळे टप्पे पार पडून [सिस०]मधून लॉगिन मिळालं की ‘शो लॉजिकल सिस$टॉपसिस’ देऊन खात्री करा. उत्तर सिस० यायला हवं. मग ऑटोजेनच्या (सिस्टिमचे पॅरामीटर ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रिपोर्टवर नजर टाका, त्यासाठीची तुमची मॉडपॅरॅम्स.डॅट फाइल जागेवर आहे का बघा, अ‍ॅप्लिकेशन एकदा चालवून पहा. हे सगळं बरोबर असेल तर मागचा हॉल्ट स्विच परत रोजच्या बाजूला करा. तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी रात्री वीज जाऊन आल्यावर मशीन सकाळपर्यंत >>> दाखवत बसेल आणि पहिल्या पाळीला फोन तुम्हालाच येईल.